तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पोराला देव कुणी शिकवला?

"तुम्ही दोघं देव मानत नाही, मग तुमचं पोरगं दिसेल त्या देवळापुढं हात का जोडतं?" हे जाऊबाई विचारतात, शेजारीण विचारते, शाळेतल्या सहकारी बाई डबा खाताना विचारतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: लेकरू निर्मळ असतं, त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतली जुनी माणसं तोच प्रश्न उलट्या बाजूनं विचारतात. घरातल्या घरात तुम्हाला जमलं नाही का?

दोन्हीकडच्यांना मी इतकी वर्षं "लहान आहे अजून" एवढंच म्हणत आले. ती पळवाट होती. आज काय ते सांगते.

आधी माझी बाजू. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. फेब्रुवारी २०१५मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरेंवर इथं कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात आमचा मुलगा झाला. ह्याच्या डोक्यात भीती घालू द्यायची नाही, कुणालाही, हा माझा हट्ट तेव्हाचा आहे. सासूबाईंचा देव्हारा त्यांच्या खोलीत होता आणि आहे. त्यांनी पोराला कधी बळंच हात जोडायला लावले नाहीत, हेही खरं.

पण कोल्हापुरात देव घरातनंच यावा लागतो असं थोडंच आहे? जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या माणसाच्या अंगावरचा गुलाल पोरं बघतात. आषाढात नदीचं नवं पाणी घागरीतनं टेंबलाईच्या टेकडीवर निघतं, पी ढबाक वाद्य वाजतं, पोरं नाचतात. अंबाबाईच्या देवळात वर्षातनं दोनदा किरणोत्सव होतो, मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात येतात. मी त्याला समजावलं की बांधणाऱ्यांनी सूर्याची जागा बघून, मोजून देऊळ बांधलंय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सूर्याला कसं कळतं कुठल्या दारातनं यायचं?"

हा प्रश्न त्याला कुणी शिकवला नव्हता. ह्या वयात सगळं कुणीतरी, कशासाठी तरी केलेलं असतं. डेबोरा केलेमन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं १९९९चं काम आहे. खडक टोकदार का असतात, असं त्यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना विचारलं. बारीक बारीक थर साचत गेले म्हणून, हे उत्तर समोर असूनही मुलांना पटलं ते दुसरंच: प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून. तेव्हा "लेकराला देव दिसतो" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, लेकराला खडकाचा हेतूही दिसतो. त्याच्या दिसण्यावर सगळा भार टाकू नका.

हे मी फार जोरात म्हणत असे. ऑगस्ट २०१९पर्यंत.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला. पावसाळ्यात आमच्याकडं दिवस उजाडतो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीनं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्याच्या आधीच आम्ही पोराला आणि सासूबाईंना घेऊन माझ्या माहेरी, राजारामपुरीत गेलो. नळाला पाणी नाही, टँकरपुढं रांगा, हायवे बंद. पोरगं चार वर्षांचं. दर तासाला विचारायचं, "आता कुठंपर्यंत आली?"

मला आनंद झाला, हे लिहायला आज जड जातं. वाटलं, पोराला आकड्यांची गोडी लागली. मी माहेरच्या भिंतीवर पेन्सिलीनं पट्टी काढली, फुटांच्या खुणा केल्या, आणि बातमी आली की त्याला घेऊन नवी रेघ मारायची. रेघ त्याच्या छातीच्या वर गेली त्या रात्री तो आपली चादर ओढत भिंतीपासून लांब, दाराशी जाऊन झोपला. मी म्हटलं, उकडत असेल.

दोन दिवसांनी लक्षात आलं की तो शू करत नाही. दिवसभर दाबून धरायचा, पोट दुखतं म्हणून कळवळायचा, आणि रात्री अंथरुणात व्हायचं. पुरात कपडे धुवायला पाणी नव्हतं. मी वैतागले. "एवढा घोडा झालास, कळत नाही?" असं सगळ्यांदेखत म्हणाले. त्यानं मान खाली घातली. तिसऱ्या रात्री मी ओली चादर काढत होते, तेव्हा अंधारात तो म्हणाला, "नदी मला हुडकायल्या."

जुलैत बाबांबरोबर घाटावर गेला असताना त्यानं पायरीवरनं नदीत शू केली होती. शेजारी कुणी एक आजी कपडे धूत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "नदीत करत्यात व्हय रं? माई बघतीया." एवढंच. त्या एका वाक्यावर पोरानं पंधरवडाभरानं आलेला अख्खा महापूर अंगावर घेतला होता, आणि मी रोज त्याला भिंतीवर दाखवत होते की ती किती जवळ आली.

जाँ पियाजे ह्या मानसशास्त्रज्ञानं १९३२मध्ये हेच लिहून ठेवलंय. चोरी करून पळणाऱ्या पोराच्या पायाखालचा पूल मोडला, अशी गोष्ट सांगितली की लहान मुलं म्हणतात, चोरी केली म्हणून मोडला. बी.एड.ला पियाजेवर मी उत्तरं लिहिली होती. माझ्याच घरात तो पूल मोडत होता ते मला दिसलं नाही.

मी काय केलं? मी त्याला खरं सांगितलं. नदीला डोळे नसतात, तिला काही कळत नाही, पाऊस जास्त झाला म्हणून पाणी आलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "मग मी सॉरी कुणाला म्हणू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सासूबाई जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "इकडं ये. माई लेकरावर राग धरत न्हाई. पाणी उतरलं की आपण दोघं जाऊन तिला सांगू." तो त्यांच्या कुशीत शिरला. थोड्या वेळानं उठून मोरीत जाऊन आला आणि सकाळपर्यंत झोपला. पाणी उतरल्यावर श्रावण संपायच्या आत दोघं घाटावर गेले. पायऱ्यांवर अजून गाळ होता. सासूबाईंनी खण-नारळानं नदीची ओटी भरली, पोरानं कान धरले. त्या दिवसापासून तो हात जोडतो. झालं, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

त्या रात्री मी नवऱ्यावर चिडले होते. भीतीही देव मानणाऱ्यांनीच घालायची आणि उताराही त्यांनीच द्यायचा? अजूनही तो मुद्दा मी सोडलेला नाही. घाटावरच्या त्या एका वाक्याला "बोलाफुलाला गाठ" म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. पण मग स्वतःला विचारते, चार वर्षं मी बोलत होते ते का नाही रुजलं? खरं तर रुजलं होतं. जंतू दिसत नाहीत तरी आहेत, हात धू, हे माझ्या शब्दावर त्यानं मानलंच होतं. पॉल हॅरिस ह्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवलं ते हेच: न दिसणारे जंतू काय आणि देव काय, मुलं दोन्ही मोठ्यांच्या बोलण्यावरच मानतात. माझे जंतू आणि आजींची माई त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या.

"मला सांग सॉरी, मी ऐकते" असं मी म्हणू शकले असते. मला सुचलं नाही. सुचलं असतं तर त्याला पुरलं असतं का, हे मी अनेकदा घोळवते. कधी वाटतं, पुरलं असतं. कधी वाटतं, ५५ फूट पाण्यापुढं आई फार लहान पडते. सासूबाईंचे उपकार मानते आणि ओटी भरली ते चूक होतं असंही मानते. दोन्ही एकदम. तुम्हाला ह्यातलं एकच हवं असेल तर माझ्याकडं नाही.

२०२१च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेलं. पुन्हा राजारामपुरी. ह्या वेळी मी भिंतीवर रेघा काढल्या नाहीत. पोरगं सहा वर्षांचं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, तसं मी त्याला जवळ घेऊन नीट सांगितलं. शाहू महाराजांनी धरणाचं काम सुरू केलं, सात दरवाजे आहेत, पाणी भरलं की त्याच्याच दाबानं उघडतात, बटण कुणी दाबत नाही.

"आपोआप?"

"आपोआप."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "पण ह्या वेळी कुणी काय केलं होतं?"

कुणीच काही केलं नव्हतं, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली. रात्री मोरीत जाऊन आला, लाईट बंद केली, आणि अंधारात खिडकीकडं तोंड करून हात जोडले. मी जागी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.