हॉलमधलं रिव्हर प्लेट: ४१ हर्ट्झ अखेर नमला

दुसरा सब (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) आला, बसला, आणि एसी/डीसी या रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक'च्या रिफमधल्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यातल्या) मोकळ्या जागा काल पहिल्यांदा मोकळ्या ऐकू आल्या. घरच्या हॉलमध्ये या बँडची कॉन्सर्ट डिस्क नीट वाजवायच्या खटपटीचे मागचे रिपोर्ट वाचलेल्यांना एवढ्यावरच सगळं कळेल. तरी आकड्यांसकट लिहितो, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांचे हॉल साधारण याच मापाचे आहेत आणि ४१ हर्ट्झचा फुगवटा (त्या एका खालच्या सुराचं खोलीत जरुरीपेक्षा जास्त घुमणं) त्यांनाही छळत असणार.

डिस्क तीच, एसी/डीसीची 'लाइव्ह अ‍ॅट रिव्हर प्लेट'. डिसेंबर २००९, ब्वेनोस आइरेसमधलं रिव्हर प्लेट क्लबचं मोन्युमेंटल स्टेडियम, तीन रात्री मिळून जवळजवळ दोन लाख माणसं, ३२ कॅमेरे, दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. १९७८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल झाली तेच हे मैदान. मॅलेटने याआधी याच बँडचे डॉनिंग्टन (इंग्लंड, १९९१) आणि माद्रिदच्या बैलझुंजीच्या रिंगणातला (१९९६) असे दोन उघड्यावरचे कार्यक्रम टिपले होते. चित्राला माझं मत अजूनही डॉनिंग्टनलाच, पण बेसची परीक्षा घ्यायची तर रिव्हर प्लेट. बेस गिटार वाजवणाऱ्या क्लिफ विल्यम्सची साठी तेव्हा अवघ्या काही दिवसांवर होती, आणि तो नेहमीसारखाच वाजवतो: एक मूळ सूर धरायचा आणि सरळ ठोकत राहायचा, कुठेही नक्षी नाही. त्यामुळे प्रत्येक गाणं म्हणजे एका ठरावीक फ्रीक्वेन्सीची लांबलचक चाचणीच होते.

खोली तुम्हाला माहीत आहे: ४.२ मीटर लांब, ३.१ रुंद, २.८ उंच. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा, ४०.८ हर्ट्झ येतात. हा लांबीचा 'मोड', म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारी फ्रीक्वेन्सी. बेस गिटारची सगळ्यात खालची ई तार ४१.२ वर आहे. रुंदीचा मोड ५५.३, आणि ए तार बरोब्बर ५५ वर. म्हणजे हार्ड रॉकचे दोन लाडके सूर आणि माझ्या हॉलच्या दोन भिंतींची अंतरं एकाच जागी येऊन बसली आहेत. उघड्या मैदानात हा प्रश्नच नसतो. समोरासमोरच्या दोन स्टँडमध्ये शंभर मीटर अंतर धरलं तरी पहिला मोड १.७ हर्ट्झवर जातो, तो कुणाच्या कानाला लागणार? मैदानात बेस येतो आणि निघून जातो. हॉलमध्ये येतो आणि मुक्काम करतो.

एकच सब पुढच्या डाव्या कोपऱ्यात होता तेव्हाची गंमत मी मागच्या वेळी अर्धवट लिहिली होती. भाचा सोफ्याच्या डाव्या टोकाला बसतो, मी मध्ये. 'हायवे टू हेल' सुरू झालं की तो म्हणायचा, "मामा, फार घुमतंय, कमी कर ना." आणि मला मात्र बेस सापडत नसायचा. दोघांचंही बरोबर होतं. ते गाणं ए मध्ये आहे, ५५ हर्ट्झ; रुंदीच्या मोडचा दाब मधोमध शून्य आणि कडेला कमाल. 'बॅक इन ब्लॅक' ई मध्ये, ते लांबीच्या मोडवर बसतं, म्हणून सोफ्यावर कुठेही बसा, घुमणारच. आणि 'यू शूक मी ऑल नाइट लाँग' जी मध्ये, ४९ हर्ट्झ, दोन्ही मोडांच्या मधल्या फटीत. तेवढं एक गाणं पहिल्यापासून नीट वाजत होतं. मिक्सिंगला दोष देणाऱ्यांनी एकदा गाण्यांच्या सुरांची यादी करून बघावी. मिक्स तिन्ही गाण्यांचा एकाच हाताचा आहे, वेगळी वागते ती खोली.

सोफा भिंतीपासून पुढे घेतला, आता डोकं मागच्या भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर आहे. त्याने ८२ हर्ट्झचा दुसरा मोड शांत झाला हे लिहून झालंय. पण पहिल्या मोडला तिथे जेमतेम ३ डीबीचा (डेसिबलचा) उतार मिळतो. रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या लोकरीसारख्या भरतीचे) पॅनेल करायचा बेतही बाद केला. ४१ हर्ट्झची तरंगलांबी ८.४ मीटर, तिचा पाव भाग २.१ मीटर, १० सेंटीमीटरचा पॅनेल तिथे काहीही करत नाही. पहिल्या परावर्तनांसाठी पॅनेल हवेतच, ते मी करणार आहे, पण 'बेस ट्रॅप' म्हणून पातळ फोम विकणाऱ्यांना माझा पैसा मिळणार नाही. ईक्यूने (ठरावीक फ्रीक्वेन्सी वर-खाली करणाऱ्या सेटिंगने) ५५ चा फुगवटा कापला तर भाच्याची जागा सुधारते आणि माझ्या जागी खड्डा आणखी खोल होतो.

म्हणून हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टीने २००२ मध्ये मांडलेल्या मार्गाने गेलो: एक सब पुढच्या भिंतीच्या मधोमध, दुसरा मागच्या भिंतीच्या मधोमध. समोरासमोरचे दोन सब एकच सिग्नल वाजवतात तेव्हा लांबीचा पहिला मोड एकाकडून पुढे ढकलला जातो आणि दुसऱ्याकडून तेवढाच मागे, त्यामुळे तो उभाच राहत नाही. शिवाय दोन्ही सब रुंदीच्या मध्यावर असल्याने ५५ चा मोड जागाच होत नाही. एका मांडणीत दोन्ही दुखणी. कागदावर इतकं देखणं उत्तर मी या छंदात दुसरं पाहिलेलं नाही.

आता संतापाचा भाग. सब आला, मागे ठेवला, रिसीव्हरचं (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राचं) ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे मापून आपोआप जुळवणी, चालवलं, डिस्क लावली, आणि फुगवटा जसाच्या तसा! मापलं तर थोडा वाढलेलाच. वायरिंग तपासलं, पोलॅरिटी उलटीसुलटी केली, सब बाजूला सरकवून पाहिले. वर गुणगुण वेगळी, कारण मागचा सब दुसऱ्या सर्किटच्या सॉकेटवर होता आणि ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन मार्गांचं वेटोळं) तयार झाला होता. (गुणगुणीवर उपाय साधा: दोन्ही सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डवरून चालवा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचं पुढचंही काही ऐकू नका.)

गाठ सुटली ती रिसीव्हरच्या मेनूतले आकडे वाचताना. मागचा सब माझ्यापासून १.०५ मीटरवर, पुढचा ३.१५ वर. रिसीव्हरने इमानदारीत हिशेब केला की मागचा जवळ आहे, त्याला उशीर द्या, म्हणजे दोघांचा आवाज कानावर एकाच वेळी पडेल. फरक २.१ मीटर, उशीर सुमारे ६ मिलिसेकंद. ऐकायला नगण्य वाटतं. पण ४१ हर्ट्झचं एक आवर्तन २४.४ मिलिसेकंदांचं, म्हणजे ६ मिलिसेकंद हा त्याचा पाव भाग झाला. मोड मारायला दोन्ही सबनी एकाच क्षणी, एकाच जोराने ढकलायला हवं. पाव आवर्तनाने मागे पडलेला सब समोरच्याला खोडू शकत नाही. वर जवळचा म्हणून त्याची लेव्हलही कमी केलेली. स्पीकरसाठी हा हिशेब बरोबर आहे. या मांडणीतल्या सबसाठी तो घातक आहे, आणि एकाही मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं मला सापडलं नाही.

उपाय पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत मिळाला: एक वाय-स्प्लिटर (एका सिग्नलचे दोन करणारा जोड) आणि एक लांब आरसीए केबल. रिसीव्हरला आता एकच सब दिसतो, दोघांना तोच सिग्नल, तोच उशीर. गेन हाताने, प्रत्येक सबजवळ यूमिक (मापायचा माइक) सारख्या अंतरावर धरून जुळवले. केबल साधीच घ्या, फक्त शील्डिंग नीट आणि प्लग घट्ट बसणारा असावा. 'सबसाठी खास' म्हणून दहापट किमतीची केबल गळ्यात मारणारे विक्रेते ८० हर्ट्झखाली ती काय वेगळं करते हे कधीच सांगत नाहीत. आरईडब्ल्यू (खोलीतला आवाज मापायचं सॉफ्टवेअर) मात्र फुकट आहे आणि माझ्या लेखी या छंदातलं सगळ्यात मौल्यवान साधन तेच.

नंतरचं माप: ४१ वरचा फुगवटा १३ डीबीवरून ४ वर. सोफ्याचं डावं टोक, मध्य आणि उजवं टोक यांच्या रेषा ७० हर्ट्झपर्यंत जवळजवळ एकमेकींवर. आणि वॉटरफॉलमध्ये (सूर किती वेळात विरतो ते दाखवणाऱ्या आलेखात) जी शेपूट ६०० मिलिसेकंदांच्याही पुढे रेंगाळायची ती २५० च्या आत संपते. माझ्यासाठी खरा आकडा हा शेवटचा. 'बॅक इन ब्लॅक'ची लय मिनिटाला साधारण ९४ ठोके, दोन ठोक्यांमधलं अंतर ६४० मिलिसेकंद. रिफ म्हणजे ई चा एक घाव, मग मोकळी जागा, मग डी, पुन्हा जागा, मग ए. आधी ई चं घुमणं पुढच्या घावापर्यंत टिकून राहायचं आणि सगळ्या जागा बुजवून टाकायचं. काल त्या जागांमधून ड्रमर फिल रडचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) स्वच्छ आला, आणि त्याच्या पलीकडे मैदानभर पसरलेली माणसं.

आणि ऱ्हिदम गिटारवाला माल्कम यंग. मागे अ‍ॅम्पच्या भिंतीजवळ उभा, कोरसपुरता माइकपाशी येणार, गाऊन पुन्हा जागेवर. त्याचा भाऊ, ५४ वर्षांचा लीड गिटारवाला अँगस सगळं स्टेज पायाखाली घालत असतो, कॅमेरेही साहजिकच त्याच्या मागे. पण या बँडचा जोर माल्कमच्या उजव्या हातात आहे, आणि तो हात कधी थांबतो यात. थांबणं ऐकू आलं नाही तर माल्कम ऐकू आला असं म्हणता येत नाही. हा त्याचा शेवटचा दौरा. जून २०१० मध्ये बिल्बाओला तो संपला, २०१७ च्या नोव्हेंबरात माल्कम गेला. एवढी खटपट मी कशासाठी करतोय असं घरचे विचारतात, तर यासाठी. त्याचं शेवटच्या दौऱ्यातलं वादन जसं आहे तसं माझ्या हॉलमध्ये ऐकू यावं.

भाच्याला 'हायवे टू हेल' लावून दिलं. तो टोकाला, मी मध्ये, दोघांना एकच बेस. आवाज कमी कर म्हणाला नाही. डिस्कच्या शेवटच्या गाण्यात डागलेल्या तोफा आता छातीवर आदळतात आणि लगेच संपतात, पूर्वीसारखी शोकेसची काच त्यानंतर किणकिणत राहत नाही.

पुढचा बेत मागच्या भिंतीवर पॅनेल लावायचा होता. पण हे लिहिता लिहिता 'थंडरस्ट्रक' लावलं होतं, ज्यात अख्खं मैदान उड्या मारतं, आणि तिथे अजून थोडं घुमतंय. ते बी मध्ये आहे, ६१.७ हर्ट्झ. उंचीचा मोड काढून पाहिला: ३४३ भागिले ५.६, म्हणजे ६१.२. दोन्ही सब जमिनीवर, त्यामुळे उंचीच्या मोडला दोघेही मिळून खतपाणी घालताहेत. मग जी युक्ती लांबीला लागू पडली ती उंचीला का नको? पुढचा सब जमिनीवरच राहू दे, मागचा छताजवळ न्यायचा. आणि मागच्या भिंतीला, अगदी मधोमध, आमच्याकडे माळा आहे!

म्हणून पॅनेल पुढच्या महिन्यात, आधी माळा रिकामा करणं. एक अडचण आत्ताच दिसतेय. पुढे खाली आणि मागे वर अशा तिरप्या मांडणीत लांबी आणि उंचीचा मिळून जो मोड होतो, तो खोडला जाणार नाही. त्याचा हिशेब ७३.६ वर येतो, आणि वरचा डी आहे ७३.४ वर. असे मिश्र मोड साध्या मोडपेक्षा दुबळे असतात, त्यामुळे तिथे अरुंद ईक्यूने भागेल असा अंदाज आहे. नाहीतर मागचा सब छताऐवजी १.४ मीटर उंचीच्या स्टँडवर, उंचीच्या बरोबर मध्यावर ठेवून पाहीन. तिथून तो सब उंचीचा मोड जागवणारच नाही आणि तिरपा मोडही नाही, उरेल तो फक्त जमिनीवरच्या पुढच्या सबचा वाटा. खरं तर स्टँडच आधी करून पाहायला हवा, माळ्यावरचं सामान हलवण्यापेक्षा ते सोपं आहे. सुताराला आजच फोन करतो.

कुणी १८-२० किलोचा सब एवढ्या उंच स्टँडवर ठेवलाय का? तळाला वाळूची पिशवी पुरते की स्टँड भिंतीला बांधावाच लागतो, आणि बांधला तर शेजारच्या फ्लॅटमध्ये किती जातं, ते आधी कळलं तर सुताराला माप देताना बरं पडेल.