‘द साइडवाइंडर’: तेराव्या बारची फसवी सम

ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या ‘द साइडवाइंडर’ या जॅझ रचनेत, सॅक्सोफोनवादक जो हेंडरसनच्या सोलोत मोजणी नेमकी कुठे निसटते ते अखेर सापडलं. चोर तेराव्या बारमध्ये (इथे बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) बसलाय.

सुरावट ई-फ्लॅटमध्ये, म्हणजे पेटीवर काळी दोनचा सा. ब्लूज खरा, पण १२ ऐवजी २४ बारचा. आपल्या हिशेबात ९६ मात्रांचं आवर्तन. पहिले ८ बार हार्मनी (मागची एकत्र सुरांची साथ) सावर, पुढचे ४ मध्यमावर (काळी चार), आणि तेराव्याला पुन्हा सावर. गोची इथेच. बारा बार मोजून झालेले, हार्मनी घरी परतलेली. साध्या ब्लूजला सरावलेला कान तिथेच सम देऊन मोकळा होतो. मग पुढचे बारा बार परके वाटतात. त्यात पेरांवर मोजायची सवय आणखी घात करते, कारण एका हाताची पेरंही बाराच!

पेरं सोडा. टेबलावर तीन नाणी ठेवा, दर ८ बारला एक सरकवा. पहिलं नाणं सरकलं की लगेच मध्यम यायलाच हवा. मधेच हरवलात तर मध्यमाचा चार बारांचा मुक्काम येईपर्यंत थांबा आणि त्याच्या पहिल्या बारला ‘नऊ’ म्हणा. मॉर्गनच्या ट्रम्पेटमागे धावू नका, बॉब क्रॅनशॉचा बास धरा.

सरावाला ऐकताना वेग ७५ टक्के पुरे. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’च वापरा; ‘चेंज स्पीड अँड पिच’ने सूर पाच अर्धस्वर उतरून सा खालच्या काळी पाचवर जातो. ६० टक्क्यांखाली मात्र ड्रमर बिली हिगिन्सची झांज पत्रा घासल्यासारखी वाजते. ४५ आरपीएमची सिंगल तबकडी नको, ती दोन भागांत तोडलेली आहे. २१ डिसेंबर १९६३ चा अल्बममधला सलग टेकच घ्या, १० मिनिटं २५ सेकंदांचा.

मोजणी बसली की मॉर्गनच्या हाफ-व्हॉल्व्हच्या जागा आपोआप दिसू लागतात: व्हॉल्व्ह अर्धाच दाबलेला, सूर घशात अडकल्यासारखा, आणि मग एकदम मोकळा. निव्वळ चैन!

पुढे त्याच अल्बममधलं ‘टोटेम पोल’ घ्यायचं ठरलं होतं. पण नाण्यांची युक्ती हाताशी आहे, तर आधी ‘हॉकस पोकस’च घेऊ. ३२ बार, एएबीए (आठ-आठ बारांचे चार भाग, त्यात तिसरा ‘बी’ वेगळा). म्हणजे नाणी चार, आणि दुसरं सरकलं की ‘बी’ सुरू.