१९१ वा तास

पहाटे वॉचमनचा फोन आला. “साहेब, तुमच्या त्या खोलीत काय तरी टण्णदिशी तुटलंय. म्या हात लावलेला न्हाई.” कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पोचलो तोवर उजाडलं होतं. टांगलेल्या सहापैकी चौथा पोलादी बार तुटला होता. घड्याळ १९१ तासांवर थांबलेलं. २०० तास टिकला तर पास.

खाच पाडलेल्या बारला झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) करतो, बेकिंग म्हणजे भट्टीत तापवून हायड्रोजन घालवणं मुद्दाम टाळतो आणि मोडायला लागेल त्याच्या पाऊणपट वजनाखाली टांगतो. पिकलिंगमध्ये (आम्लात धुताना) आणि प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन खाचेच्या बुडाशी जमतो आणि वजन तेवढंच असताना पोलाद तडकतं. १८७५ साली जॉन्सन यांनी आम्लातून काढलेलं लोखंड मोडलं, तर ओल्या तोंडावर बुडबुडे आले होते. इतका जुना रोग.

आमचा उतारा म्हणजे पोलादात घातलेला व्हॅनेडियम धातू. त्याचे कार्बाइड, म्हणजे कार्बनशी जुळून झालेले बारीक कण, हायड्रोजन धरून ठेवतात. पण टेंपरिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवणं) ६०० अंशांच्या आसपास झालं तरच ते नीट तयार होतात.

भिंग लावलं. खाचेलगत रवाळ गुळाची ढेप फोडल्यासारखे चमकते कण, पुढं करडं, तंतुमय. हायड्रोजनच. हार्डनेस (कडकपणा) ४१, बाकीच्यांचीही ४०-४१. संध्याकाळपर्यंत ते पाचही पास झाले. सहकारी म्हणाला, “हा एक फॉल्टी धरा की.” त्याला रिपोर्टची घाई नेहमीचीच.

चौथा बार टेंपरिंगला भट्टीच्या दाराशी होता. तापमान मोजणारा थर्मोकपल मधोमध, म्हणून चार्टवर ६०० ची सरळ रेघ. दाराशी वेगळा थर्मोकपल बांधून पाहिलं तर ७० अंश कमी! दाराची फट बंद करणारी दोरी झिजलीय हे पावसाळ्यापासून लिहून देतोय, पण खरेदी विभागाला दोरी ही वस्तू दिसतच नाही. साधं पोलाद असतं तर ते जास्त कडक राहून हार्डनेसमध्ये सापडलं असतं. व्हॅनेडियमवाल्यात दोन्ही तापमानांना आकडा जवळपास तोच.

बोल्ट बनवणाऱ्या एका मालकांचा दुपारी फोन. “म्हणजे आता बेकिंगचं झंझट मिटलं म्हणा की!” प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या भट्टीत घालायचं, एवढंच ते झंझट. आणि आमच्याच भट्टीचं दार थंड, तर उद्यमनगरातल्या कुणाकुणाच्या भट्टीची खात्री मी देऊ?

चौथा बार रिपोर्टमध्ये ठेवलाय. नवी दोरी स्वतःच्या पैशानं आणली. दाराशी टेंपर केलेले तीन बार परवापासून टांगलेत, मोबाइल उशाशी.