तुटक रेघ

बुधवार, रात्री साडेदहा

पाषाणला पाण्याच्या रेणूंवरचे व्याख्यान ऐकून परतताना बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, पाऊसही थांबला होता, तरी सबंध वाटभर माझ्या कानात एकच वाक्य घुमत राहिले : "टिकते म्हणजे काय? असतेच ती." वाक्य माझेच आहे. जुलैमध्ये अकरावीच्या तासाला मी ते फेकले, वर्ग हसला आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी निमूट खाली बसली.

तिने विचारले होते ते एवढेच, की पाण्याच्या दोन रेणूंमध्ये मी निळ्या खडूने जी तुटक रेघ काढते ती किती वेळ टिकते. लाल खडूचा ऑक्सिजन, पांढऱ्याचे हायड्रोजन आणि हायड्रोजन बंधाची, म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतो त्या ओढीची, निळी तुटक रेघ, हे चित्र मी १९९८ पासून काढत आले आहे. हात आपोआप फिरतो. (निळे खडू मी स्वतःच्या पैशांनी आणते; त्यावर बोलायला बसले तर वही पुरणार नाही.) परवा वह्या तपासताना तिच्या आकृतीत त्या रेघेच्या टोकाशी पेन्सिलीने काढलेले बारीकसे प्रश्नचिन्ह दिसले. खोडलेले होते, पण कागदावर त्याचा वळ राहिला होता.

आजच्या व्याख्यानाची सुरुवात अपेक्षेप्रमाणे अहमद झेवेल यांच्यापासून झाली. फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षांशाएवढ्या, लेसर स्पंदांनी रासायनिक अभिक्रिया घडत असतानाच पाहण्याच्या कामासाठी त्यांना १९९९ चे नोबेल मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रातले कात्रण प्रयोगशाळेच्या फलकावर मीच लावले होते. त्यानंतरचे मात्र मला ठाऊक नव्हते, किंवा मी ठाऊक करून घेतले नव्हते. पीटर हाम आणि रॉबिन हॉकस्ट्रासर यांनी अवरक्त प्रकाशाच्या अतिशीघ्र स्पंदांनी द्विमितीय वर्णपट (रेणूची आधीची आणि नंतरची कंपनसंख्या एकमेकींसमोर मांडणारा) मिळवण्याची वाट उघडली ती १९९८ मध्येच, म्हणजे मी निळा खडू हाती घेतला त्याच वर्षी. स्टॅनफर्डच्या मायकेल फेयर यांना वर्णपटशास्त्रातल्या कामासाठी प्लायलर पुरस्कार मिळाला आहे; त्यांच्या गटाने याच पद्धतीने साधे पाणी तपासले आणि तिथेच माझी रेघ सापडली.

साध्या पाण्यात चिमूटभर जड पाणी मिसळतात. त्यातला ओ-डी बंध, म्हणजे ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन यांच्यातला, सुमारे २५०० प्रति सेंटीमीटरला कंप पावतो, साध्या हायड्रोजनच्या ओ-एच बंधाच्या ३४०० च्या आसपासच्या रुंद पट्ट्यापासून बराच दूर, त्यामुळे तो गर्दीत पेरलेल्या हेरासारखा वेगळा ऐकू येतो. त्याचा हायड्रोजन बंध घट्ट असेल तर त्याची कंपनसंख्या उतरते, सैल असेल तर चढते. पहिल्या स्पंदांनी त्याची कंपनसंख्या जणू टिपून ठेवायची, थोडे थांबायचे आणि मग पुढच्या स्पंदाने विचारायचे, की मघाचे काही आठवते का? हे थांबणे मोजतात आरसा सरकवून. प्रकाश एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, ०.३ मिलीमीटर जातो, म्हणजे आरसा माझ्या नखाच्या जाडीइतका जरी मागे घेतला तरी पाण्याला विसरायला पुरेसा वेळ मिळतो. एक ते दोन पिकोसेकंदांत सारे पुसले जाते.

एक ते दोन पिकोसेकंद! आणि मी म्हणाले होते, असतेच ती.

पाषाण रस्त्यावर एनसीएलचे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, फाटक आले तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचल्या. १९९६ मध्ये तिथे जे व्हायचे होते ते का झाले नाही, यावर ताईचे मत एक आहे आणि माझे दुसरे. पण तिथे गेले असते तर हे उत्तर मला कळले असते, आणि न गेल्यामुळे मी २७ वर्षे पाण्याच्या नावाखाली बर्फ शिकवला. कारण प्रत्येक रेणूला चार पक्के शेजारी दाखवणारे फळ्यावरचे ते नीटनेटके चित्र बर्फाचेच आहे. मला कुणी सांगितले नाही, असे मनाशी दोनदा म्हणून पाहिले. सांगितले तर होते, तिसऱ्या बाकावरून.

घरी आल्यावर उद्याचा गुरुवार आठवला. पाणी बंद, म्हणून पिंप भरायला लावले आणि टिपणे पुन्हा काढून बसले. व्याख्यानाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मी इतकी खट्टू होते, की हात लिहीत होता आणि मन दुसरीकडे होते. त्यात सापडले ते असे : २००५ मध्ये टोकमाकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पाण्यात बंध तुटलेली अवस्था अगदी क्षणिक असते, रेणू तसा मोकळा राहतच नाही. पुढच्या वर्षी लाग आणि हाइन्स यांनी संगणकावर पाहिले, की नवा जोडीदार पुरता जवळ आल्यावर ओ-एच बंध एकदम मोठा कोन करून त्याच्याकडे उडी मारतो. जुना हात सुटतो तेव्हा नवा धरलेलाच असतो.

म्हणजे कोणत्याही क्षणी पाहा, रेघ असते. तीच नसते, एवढेच. माझे उत्तर चुकीचे नव्हते, ते तिने न विचारलेल्या प्रश्नाचे होते! हे कळल्यावर मला हसू आले, आणि पिंप भरून वाहू लागल्याचे "अगं, नळ!" ऐकू येईपर्यंत लक्षातच आले नाही. तरीही तो हसलेला वर्ग डोळ्यांसमोरून जात नाही. उत्तर अर्धे बरोबर निघाल्याने माझा आवाज काही सौम्य होत नाही.

वही अजून माझ्याकडेच आहे. खोडलेल्या प्रश्नचिन्हाशेजारी समासात लिहिले : "एक ते दोन पिकोसेकंद. मग दुसऱ्या रेणूशी." लाल शाईचे पेन समोरच होते, पण ते त्यांच्या चुकांसाठी असते, म्हणून पेन्सिलीने लिहिले.