आधी ओल, मग वारा, मग कुंड्या

डोंबिवलीतली आमची इमारत नव्वदच्या दशकातली, चार मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंचा दमा दर पावसाळ्यात उचल खायचा आणि आम्ही तो हवेच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायचो. छातीच्या डॉक्टरांनी पंप बदलून देताना विचारलं, "झोपतात त्या खोलीत ओल आहे का?" होती ना. पलंगाच्या उशाशीच, पश्चिमेची बाहेरची भिंत आणि बाथरूमची भिंत मिळतात त्या कोपऱ्यात. पुट्टीचे पोपडे, त्यावर काळे ठिपके आणि शेजारचं कपाट उघडलं की कुबट वास.

घर जरा आरोग्याच्या दृष्टीने नीट करून घ्यायचं ठरलं, तसे सल्ले सुरू झाले. एका इंटिरियरवाल्याने मोबाइलवर चित्र काढून दाखवलं: त्याच ओल्या भिंतीवर हिरवंगार व्हर्टिकल गार्डन! नणंद म्हणाली, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट ठेवा, हवा शुद्ध होते, नासाने सांगितलंय. नासाचा तो अभ्यास खरा आहे, 1989 चा. पण तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता आणि आपलं घर हवाबंद नसतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. उघड्या खिडकीने सहज होणारं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. आईंची, म्हणजे सासूबाईंची, खोली 10 बाय 12 फूट, म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. किमान शंभर-सव्वाशे कुंड्या! पलंग बाहेर काढावा लागला असता.

झाडं मला हवीच होती, पण झाडं म्हणून. आईंच्या श्वासाचा प्रश्न भिंतीशी होता.

माझ्या मैत्रिणीचा नवरा साइट इंजिनिअर आहे. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, "पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत भिंतीला हात लावू नका. वॉटरप्रूफिंगवाल्याला तर फोनही करू नका." कारण वॉटरप्रूफिंगवाला आतून केमिकल मारून देतो, दोन पावसाळे बरे जातात आणि पाणी हातभर बाजूला सरकून पुन्हा डोकं वर काढतं. त्याने एक साधी चाचणी करायला लावली. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा ओलीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. पाणी फॉइलच्या बाहेरच्या बाजूला जमलं तर ते खोलीतल्या दमट हवेचं. आतल्या बाजूला जमलं तर भिंतीतून आलेलं. आमच्याकडे आतली बाजू ओली निघाली.

आता भिंतीतून म्हणजे कुणाकडून? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे) बाहेरच्या भिंतीतून, पावसामुळे किंवा सामाईक पाइपांतून होणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची आणि संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याची त्याने. त्यामुळे पाण्याचा उगम हा पैशांचाही प्रश्न असतो. कमिटीचं म्हणणं, वरच्यांचं बाथरूम गळतंय. वरच्या काकूंचं म्हणणं, "बाथरूम नवीन केलंय आम्ही, टाइल्स बघून जा." टाइल्स बघून काय कळणार? मी पाणी भरून बघायची परवानगी मागितली. नहाणीचा ट्रॅप कापडी बोळ्याने घट्ट बंद केला, दोन इंच पाणी भरलं, त्यात रंग टाकला आणि चोवीस तास तसंच ठेवलं. काका-काकूंच्या आंघोळी त्या दिवशी आमच्याकडे झाल्या, शिवाय पोहे झाले, आणि इतक्या वर्षांत जिन्यातल्या नमस्कारापलीकडे न गेलेली ओळख एका सकाळीत बरीच पुढे गेली. आमच्या भिंतीत रंगाचा ठिपकाही उतरला नाही. काकूंचं बाथरूम निर्दोष.

पण ओल जानेवारीतही होती, आणि ही गोष्ट मला खटकत होती. पावसाचं पाणी म्हणावं तर पाऊस जाऊन महिने झाले होते. रोज सकाळी पेन्सिलने ओलीची कड आखून ठेवायला लागले, तेव्हा लक्षात आलं की ती काही दिवशी पुढे सरकते, काही दिवशी नाही. ज्या दिवशी काकू गावाला, त्या दिवशी नाही. काकूंच्या ग्रिलमध्ये तुळस, जास्वंद, कढीपत्ता, मोगरा अशा भरपूर कुंड्या. खाली ताटल्या नाहीत. सकाळी घातलेलं पाणी ग्रिलच्या पट्टीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून आमच्या खिडकीच्या ग्रॅनाइटवर यायचं. त्या ग्रॅनाइटचा उतार बाहेर असायला हवा, तो चक्क आत होता. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून खाली पडावं म्हणून एक बारीक खाच ठेवतात. ती आमच्या इमारतीत कुठेच नव्हती, म्हणून पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरकत थेट भिंतीला लागत होतं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना सडाका. पावसाळ्यात पाऊस आणि एरवी काकूंची बाग, असं आमच्या भिंतीला बारमाही पाणी होतं.

काकूंना सांगणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. "माझ्या तुळशीमुळे तुझ्या सासूला दमा?" असं त्या म्हणाल्याच. मी त्यांना आमच्या खिडकीत आणून वरून येणारी धार दाखवली. मग मात्र त्यांनी स्वतःच सगळ्या कुंड्यांखाली खोल ताटल्या आणल्या आणि पाणी झारीने घालायला लागल्या.

उन्हाळ्यात सोसायटीने बांबूची परांची बांधून बाहेरचं काम केलं. भेगा खोबणी करून पॉलिमर मॉर्टरने भरल्या, ग्रॅनाइट काढून उतार बाहेर करून पुन्हा बसवलं, छज्ज्याखाली खाच पाडली. आतलं काम आमचं. ओल दिसते तिच्यापुढे आणखी फूटभर, विटांपर्यंत प्लॅस्टर काढलं. या कामात बुरशी आणि धूळ प्रचंड उडते, म्हणून आईंना आधीच नाशिकला नणंदेकडे पाठवलं होतं आणि खोलीच्या दाराला प्लास्टिक लावून घर वेगळं केलं होतं. दमेकरी माणूस घरात ठेवून असलं काम काढू नये. विटांवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, आला होता. तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. धुतला तर क्षार पाण्याबरोबर पुन्हा आत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात. मग नवं प्लॅस्टर आणि मग वाट बघणं. कंत्राटदार रोज विचारायचा, "ताई, रंग कधी मारू?" त्याला पुढची साइट होती. मी फॉइल पुन्हा चिकटवून, आतली बाजू कोरडी निघेपर्यंत त्याला थांबवलं.

रंगाला मी चुना सांगितला, तेव्हा तो हसलाच. "चुना गोठ्याला लावतात, ताई." पण प्लास्टिक पेंटचा भिंतीवर पापुद्रा बसतो, आत थोडा जरी दमटपणा राहिला तरी तो बाहेर पडायला जागा शोधतो आणि फुगे आणतो. चुन्यातून भिंत वाळत राहते आणि ताज्या चुन्याचा क्षारधर्म इतका तीव्र असतो की बुरशी त्यावर सहज धरत नाही. शेवटी त्याच्या ओळखीतला एक जुना रंगारी आला, ज्याला कळीचा चुना विरवायचं, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे पाण्यात फोडायचं, माहीत होतं. चुना विरवताना पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, डोळ्यांत गेले तर इजा होते. घरात लहान मूल असेल तर हे काम गच्चीत करा. त्याने चुन्यात थोडा फेविकॉल घातला, तरी काळे कपडे घालून भिंतीला टेकायची सोय नाही. मला चालतं. पाहुण्यांना सांगावं लागतं.

ओल गेली, वारा उरला. आमच्या खिडक्या सरकत्या ॲल्युमिनिअमच्या. 4 बाय 4 ची खिडकी, म्हणजे 16 चौरस फूट, पण सरकती असल्यामुळे एका वेळी उघडतात 8. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण-दमट हवेच्या भागासाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश सांगितलं आहे. 120 चौरस फुटांना 20. भिंत फोडून मोठी खिडकी करणं शक्य नव्हतं. मग सरकत्या खिडकीच्या जागी पूर्ण उघडणारी घेतली, त्यावर डासांची जाळी, आणि समोरच्या दाराच्या वर जुनी बंद केलेली झडप होती ती उघडून काढली. वारा यायला जेवढी जागा लागते तेवढीच जायलाही लागते. एक्झॉस्ट फॅनचंही तेच. बाथरूमचं दार खालून ठार बंद असेल तर पंखा नुसता गरगरतो, म्हणून दार खालून बोटभर कापून घेतलं.

चार-पाचशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. ते जुलैत 85 टक्क्यांच्या खाली यायचं नाव घेईना, आणि बाहेरच तितकी असेल तर खिडक्या उघडून काय होणार? धुळीतले ते अतिसूक्ष्म किडे, ज्यांची दमेकऱ्यांना ॲलर्जी असते, पाणी पीत नाहीत. हवेतला ओलावा शोषून जगतात आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली की टिकत नाहीत. पावसाळ्यात डोंबिवलीत 50 हा आकडा खिडक्यांनी गाठता येत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. आम्ही पावसाळ्यात आईंच्या खोलीत रात्री एसी ड्राय मोडवर लावतो, गादी-उशीला चेनचं कव्हर घातलंय, चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुतो. आणि कपडे त्या खोलीत वाळत घालणं बंद केलं. मशिनच्या एका फेरीतल्या कपड्यांतून साधारण दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, मागे वारा खेळतो.

धुराबद्दल आईंशी वाटाघाटी झाल्या. मच्छर कॉइल पहिल्याच दिवशी बंद. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. उदबत्तीवर मात्र त्या अडून बसल्या. शेवटी देवापुढे निरांजन आणि फुलं, उदबत्ती फक्त चतुर्थीला, तीही बाल्कनीत.

आता बाग, जिच्यासाठी मी इतका वेळ थांबले होते. बाल्कनीचा ओटा 3 बाय 8 फुटांचा, ऊन दुपारनंतरचं, पश्चिमेचं. सुरुवातीला वजनाचा हिशेब केला. भिजलेली माती घनफुटाला 45 ते 50 किलो भरते. ओळीने मोठ्या कुंड्या मांडल्या की तीन-चारशे किलो सहज होतात, आणि तीस वर्षांच्या बाल्कनीवर तेवढं टाकायची माझी तयारी नव्हती. मातीऐवजी पालापाचोळा वापरायची विद्या आपल्याकडे जुनी आहे, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून ती लोकांपर्यंत नेली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर अख्खी बाग उभी राहिली. मी तळाला नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला, स्वयंपाकघराचा ओला कचरा आणि शेवटी दोन मुठी माती असे थर दिले. पाला खाली बसत जातो, वरून भर घालावी लागते, पण कुंडी एका हाताने उचलता येते.

सगळ्या कुंड्या लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून फूटभर लांब, खाली ताटल्या. काकूंकडून शिकलेलं घरी लागू करायलाच हवं होतं. ताटल्यांचं पाणी मात्र दर रविवारी ओतून, घासून कोरडं करते. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस घेतो, त्यामुळे आठवड्याला एकदा कोरडं केलं की साखळी तुटते. लावलंय काय? पुदिना, गवती चहा, पानओवा, अळू (त्याला पाणी कितीही चालतं), एक कढीपत्ता काकूंच्या झाडाचा, आणि नायलॉनच्या जाळीवर मायाळू. मायाळूचा उपयोग दुहेरी: भजी होतात आणि वैशाखात दुपारचं ऊन खोलीत शिरण्याआधी अडतं. जास्त सुगंधी फुलं मुद्दाम घेतली नाहीत. मोगऱ्याच्या वासानेही आईंना खोकला येतो. घरात झाडं अजिबात नाहीत. आत ठेवलेल्या कुंडीची माती सतत ओली असते आणि बुरशीला तेवढं पुरतं.

दुसरा पावसाळा झाला. भिंतीवर ठिपका नाही. आईंचा दमा गेला असं मी म्हणणार नाही, तो जाणारा आजार नाही, पण रात्रीचा पंप शोधायला उठणं कमी झालंय. खर्चाचं विचाराल तर सर्वांत जास्त पैसे खिडकीला गेले, त्याखालोखाल प्लॅस्टरला. बागेला सगळ्यांत कमी, कारण निम्म्या कुंड्या रंगाच्या रिकाम्या बादल्यांच्या आहेत.

स्वयंपाकघर राहिलंय. तिथली चिमणी डक्ट नसलेली, म्हणजे फोडणीचा धूर जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तर त्या जाळीत अडकतही नाही. बाहेर पाइप काढायचा तर शाफ्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत) छिद्र पाडायला कमिटीची परवानगी लागते. अर्ज दिलाय, पुढच्या मीटिंगमध्ये येईल. तोवर फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, आणि मिरच्या तळायच्या असतील तर आईंना काकूंकडे चहाला पाठवते.