तुम्ही विचारलंत म्हणून : सायकलमागचा डबा

मला दोन प्रश्न सतत विचारले जातात. सांगलीहून आई विचारते, "अगं, त्या डब्यात पोरीला कोंबून रस्त्यावर नेतेस, पोटात गोळा नाही येत?" आणि इथे म्युनिकला नव्याने आलेली मराठी जोडपी गणपतीत प्रसादाच्या रांगेत गाठून विचारतात, "तुमचा तो सायकलचा ट्रेलर कुठल्या कंपनीचा? आम्ही कुठला घेऊ?"

ट्रेलर म्हणजे सायकलच्या मागे जोडून ओढायची, मुलाला बसवायची छोटी गाडी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात. कंपनी शेवटी बघा. आधी टेप घ्या आणि घराचं, इमारतीचं, तळघराचं, वाटेत लागणारं प्रत्येक दार मोजा.

हे शहाणपण फुकटात आलेलं नाही. मूल एकच, पण "मोठाच घेऊ, भाजीपण मावेल" असा हिशेब करून आम्ही दोन मुलांचा जुना ट्रेलर २५० युरोला उचलला. तो निघाला ८६ सेंटिमीटर रुंद आणि आमच्या तळघराचं दार ७९. मग रोज संध्याकाळी चाकं काढा (बटण दाबलं की निघतात, तेवढं बरं), धूड आडवं करा, जिन्याने खाली न्या आणि सकाळी पुन्हा वर आणा. तीन आठवड्यांनी नवरा म्हणाला, "हा पोरीला बसवायला घेतलाय की माझी कंबर मोडायला?" तो विकला आणि एका मुलाचा, ६८ सेंटिमीटरचा घेतला. दोन मुलांचे ट्रेलर साधारण ८० ते ९० सेंटिमीटर असतात. दोन मुलं असतील तर इलाज नाही, पण एकासाठी ते लोढणं गळ्यात बांधून घेऊ नका. सायकलच्या वाटेवर गाड्या शिरू नयेत म्हणून जे लोखंडी खुंट रोवलेले असतात, तिथे सायकल सुळकन निघून जाते आणि मागून 'खण्ण' ऐकू येतं.

दुसरं माप मागच्या चाकाच्या अॅक्सलचं, म्हणजे चाक ज्या मधल्या दांड्यावर फिरतं त्याचं. ट्रेलरचा दांडा तिथेच डाव्या बाजूला जोडतात आणि लोक नेमके इथेच फसतात. जुन्या सायकलला नट असतात, काहींना झटकन उघडणारी खिटी, आणि हल्लीच्या बऱ्याच सायकलींना आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा जाड अॅक्सल. हा शेवटचा प्रकार डोकेदुखीचा, कारण ट्रेलर जोडायला तो काढून दुसरा घालावा लागतो. जाडी तीच, पण आट्यांमधलं अंतर कुणाचं १ मिलिमीटर, कुणाचं १.५, कुणाचं १.७५. लांबीही वेगवेगळी. चुकीचा अॅक्सल एखाद-दोन फेरे आत जातो, मग अडतो. तिथे जोर लावला तर फ्रेमचे आटे गेलेच म्हणून समजा. सायकलच दुकानात घेऊन जा, बसवून घ्या. कार्बनची फ्रेम असेल तर तिला ट्रेलर जोडायला उत्पादकाची परवानगी आहे का, ते पुस्तिकेत आधी बघा. बहुतेकदा नसते.

जुना घेत असाल तर रंगाकडे दुर्लक्ष करा. मुलाचे पट्टे जोरात ओढा, बक्कल दहा वेळा लावून काढून बघा, सायकलला जोडतात त्या सांध्याचं रबर दुमडून भेगा दिसतात का ते पाहा, आणि आत डोकं घालून वास घ्या. बुरशीचा वास जात नाही. केळ्याचा जातो, पण वेळ लागतो.

आता आईचा प्रश्न. तिला बोलून पटेना, म्हणून एका रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मोकळ्या पार्किंगमध्ये रिकामा ट्रेलर जोडला आणि सायकल सरळ आडवी पाडली. सायकल जमिनीवर, ट्रेलर जागच्या जागी उभा. कारण तो सांधा सगळीकडून फिरतो. सायकल कलंडली म्हणून ट्रेलरला सोबत ओढत नाही. सायकलवरच्या सीटवर बसलेलं मूल मात्र सायकलबरोबरच पडतं, तेही उंचावरून. ट्रेलरमध्ये मूल जमिनीलगत, पाच ठिकाणी पट्ट्यांनी बांधलेलं आणि भोवती नळ्यांचा पिंजरा. सांधा सुटलाच तर एक जादा पट्टा फ्रेमभोवती गुंडाळलेला असतो. तो पट्टा लावायला विसरू नका. आईने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "बरं. पण सायकल कशाला आपटलीस?"

उलटतच नाही, असं मात्र नाही. माझा उलटलाय. पोर पाळणाघरात होती, मागे फक्त बाजार होता. उजवीकडे वळताना मी फूटपाथची कड अगदी जवळून कापली. सायकल निघाली, पण ट्रेलर वळणाला नेहमी आतून जातो. त्याचं उजवं चाक कडेवर चढलं, मी वेगात, आणि ट्रेलर डावीकडे सपशेल आडवा. बटाटे ट्राम थांब्यापर्यंत घरंगळत गेले. एका आजोबांनी चार गोळा करून दिले आणि जर्मन पद्धतीने, एक शब्द न बोलता, नुसतं बघितलं. तेव्हापासून वळण मोठं घेते आणि वेग वळायच्या आधी कमी करते. रिकामा किंवा हलका ट्रेलर जास्त उड्या मारतो हेही तेव्हाच कळलं. उतारावर उलट, भरलेला ट्रेलर मागून ढकलतो. ब्रेक नेहमीपेक्षा बराच आधी लावायचा.

मला खरी धास्ती वाटते ती रस्त्याच्या मधोमध असलेल्या छोट्या दुभाजकावर. सायकल आणि ट्रेलर मिळून तीन मीटरच्या वर लांबी होते. तुम्ही दुभाजकावर सुखरूप उभे असता आणि लेकरू मागे गाड्यांच्या वाटेत. आम्ही एकाच सिग्नलमध्ये पूर्ण रस्ता पार होणार असेल तरच निघतो, नाहीतर अलीकडेच थांबतो.

ट्रेलरच्या पुढची जाळी कायम बंद. सायकलचं मागचं चाक खडी आणि चिखल नेमका मुलाच्या तोंडावर उडवतं. इझार नदीकाठच्या कच्च्या वाटेवर एकदा पोरीने "उघड, उघड" करून डोकं खाल्लं म्हणून मी जाळी वर गुंडाळली. घरी आल्यावर ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आई, मी वाळू खाल्ली." दात खरंच करकरत होते. प्लॅस्टिकचं झाकण मात्र पाऊस थांबला की लगेच वर करायचं. उन्हात बंद झाकणाआड भट्टी होते. मधूनमधून थांबून आत हात घालून बघावं.

कधीपासून बसवावं? पोर मान पक्की धरून आपली आपण बसायला लागेपर्यंत आम्ही थांबलो, डॉक्टरांना विचारलं आणि दहाव्या महिन्यात सुरुवात केली. त्याहून लहान बाळांसाठी झोळी मिळते, पण सायकलमागे ती कधीपासून चालेल हे त्या ट्रेलरच्या पुस्तिकेतच वाचा. ट्रेलर हाताने ढकलत, ढकलगाडी म्हणून वापरायचं वय वेगळं आणि सायकलमागचं वेगळं असतं. हेल्मेटची जर्मनीत सक्ती नाही, मी पोरीला घालायचे. फक्त पाठीशी हेल्मेटचा फुगवटा मावायला जागा हवी, नाहीतर मूल पूर्ण वेळ हनुवटी छातीला टेकवून बसतं.

इथला कायदा थोडक्यात : ओढणारा किमान १६ वर्षांचा, मुलं जास्तीत जास्त दोन, आणि त्यांची ७ वर्षं पूर्ण होईपर्यंतच. ताशी २५ किलोमीटरपर्यंत जोर देणारी ई-सायकल चालते. ताशी ४५ ने जाणाऱ्या जलद ई-सायकलमागे मुलांचा ट्रेलर चालत नाही.

"सुट्टीत पुण्याला घेऊन जाऊ का?" हे मागच्याच वर्षी एकीने विचारलं. सोसायटीच्या आवारात खुशाल. लक्ष्मी रोडला नको. ट्रेलरचं छप्पर जेमतेम कमरेला येतं, बसवाल्याला ते दिसणार नाही. आणि सायकल पुढे गेली की मागची जागा मोकळी समजून दुचाकी आत घुसणार. ट्रेलर दिसावा म्हणून त्याला झेंडा लावलेला असतो खरा, पण आपल्याकडे झेंडा पाहून कोण थांबतं?

लेक आता सहा वर्षांची आहे आणि स्वतःची सायकल चालवते. शनिवारी ट्रेलर आता बाजाराला जातो आणि ती त्याच्या मागून येत "आई, कड! कड!" असं ओरडत असते. काल एका जोडप्याचा निरोप आला, "विकणार असाल तर आम्ही घेऊ. कंपनी कुठली?" मी उलट निरोप धाडलाय : तळघराच्या दाराचं माप आणि अॅक्सलचा फोटो पाठवा.