आमची वाटचाल : मोडेमचं बटण गिऱ्हाइकाच्या हातात

आमच्या कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताच्या कपाटात लाल कापडी बांधणीची चौदा रजिस्टरं दिसतात. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, सॉफ्टवेअरवाल्यांकडं वह्या कशाला? वाटचाल सांगायची तर त्या वह्यांपासूनच सांगावी लागेल, आणि त्या सुरू झाल्या मोडेममुळं, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरनं दोन कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीमुळं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघा मित्रांनी पतसंस्था आणि दूधसंस्थांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम करायला घेतले. काळ्या स्क्रीनचं डॉस, नोंदी ठेवायला फॉक्सप्रो आणि खरखरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. किर्द, खतावणी, तेरीज, पिग्मी एजंटांचं कमिशन, कर्जावरचं व्याज. प्रोग्रॅम लिहिणं जमत होतं, जीव जायचा तो फिरण्यात. गडहिंग्लजला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा, जुळेना असा निरोप आला की फ्लॉपी पिशवीत टाकून सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटी गाठायची. दोन तास जायला, दहा मिनिटांचं काम, दोन तास यायला. मार्चअखेरीला चंदगड, राधानगरी, गगनबावडा अशी तीन दिशांनी एकाच दिवशी बोलावणी यायची आणि माणसं आम्ही दोनच.

पुण्यात एका मित्राकडं पहिल्यांदा मोडेम पाहिला. त्यानं टेलिक्स नावाचा प्रोग्रॅम उघडला, काळ्या स्क्रीनवर एटी अशी दोन अक्षरं टाइप केली आणि खाली ओके उमटलं. एटी म्हणजे अटेन्शन, ‘लक्ष दे’. हेज कंपनीनं १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी हे हुकूम बसवले आणि पुढं बहुतेक मोडेम कंपन्यांनी तेच उचलले. एटीडीटी आणि पुढं नंबर दिला की मोडेम टोननं फोन लावणार, एटीडीपी दिलं की पल्सनं, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करत. आमच्या भागातल्या जुन्या एक्स्चेंजना टोन कळत नसे, म्हणून आमच्या हाताला ‘पी’चीच सवय लागली. पलीकडचा मोडेम उचलायचा, दोघांची शिट्ट्यांची बोलणी व्हायची आणि स्क्रीनवर कनेक्ट २४०० दिसायचं. त्या दिवशी मी मित्राकडनं परत येताना एसटीत झोपलो नाही.

दोन मोडेम घेतले. एक आमच्याकडं, दुसरा गडहिंग्लजच्या पतसंस्थेत, तोही आमच्याच पैशानं. पटल्याशिवाय कोण विकत घेणार? तिकडच्या मशीनवर टेलिक्सचा होस्ट मोड लावून ठेवला, म्हणजे आलेला फोन ते मशीन आपणहून उचलणार. आम्ही फोन लावायचा, पासवर्ड द्यायचा, फाइल आणायची किंवा ठेवायची.

२४०० हा आकडा सेकंदाला बिट्सचा. एका अक्षराला आठ बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. १.४४ एमबीची भरलेली फ्लॉपी पाठवायची तर १०२ मिनिटं लागणार, आणि एसटीडीचं, म्हणजे बाहेरगावच्या फोनचं, मीटर पळत राहणार. त्यामुळं काय पाठवायचं नाही हे आधी शिकलो. इंडेक्स फाइल, म्हणजे नोंदी शोधायची सूची, कधीच पाठवायची नाही, ती तिकडच्या तिकडं नव्यानं बांधता येते. अख्खी खतावणी आणायची नाही, फक्त आजच्या नोंदी वेगळ्या काढून, झिप करून म्हणजे दाबून लहान करून आणायच्या. गडहिंग्लजचा अख्खा दिवस चार-पाच मिनिटांत कोल्हापुरात यायला लागला. तेव्हा अंगी बाणलेली ही काटकसर आजही आमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

लाइन मात्र फार सतावायची. खरखर आली की स्क्रीनवर महिरपी कंसांची रांग उमटायची. फाइल पाठवायला सुरुवातीला एक्समोडेम वापरला. नाव तसं असलं तरी ही पेटी नव्हे, फाइल पाठवायची रीत. त्यात १२८ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच यायची वाट बघायची, मग पुढचा. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. झेडमोडेम मिळाला तेव्हा सुटका झाली, कारण तो जिथं तुटलं तिथून पुढं सुरू करतो. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये तो लिहिला. त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नाही, पण आमच्या किती रात्री त्यांनी वाचवल्या! तिकडं कुणी पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन, उचलला तरी लाइन जायची, म्हणून संस्थेच्या फोनवर आम्ही कागद चिकटवला होता : ‘लाल दिवा लागला असताना फोन उचलू नये.’ आणि वळवाचा पाऊस! एप्रिल-मे मध्ये ढग गडगडले की टेलिफोनची पिन आधी काढायची, मग खिडक्या लावायच्या. वीज वायरीतनं येऊन मोडेम जाळते. पहिल्याच उन्हाळ्यात आमचे दोन मोडेम असे गेले.

आता त्या रजिस्टरांकडं येतो.

रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर असायचा. म्हणून ठरलं होतं असं : क्लार्कनं संध्याकाळी जाताना मोडेम चालू ठेवायचा, आम्ही अकरानंतर फोन लावून दिवसाच्या नोंदींची प्रत आणून ठेवायची. बॅकअप म्हणून. फक्त प्रत आणायची, एवढीच परवानगी होती. एका रात्री प्रत तपासताना मला दिसलं की कर्जाच्या व्याजात पैशांचं पूर्णांक करताना आमच्याच प्रोग्रॅमची चूक होतेय. तेवीस खात्यांचं व्याज थोडं थोडं चुकलं होतं. मी कर्जाची फाइल आणली, दुरुस्त केली, पुन्हा तिकडं ठेवली आणि समाधानानं झोपलो. सकाळी दहाला फोन करून सांगू म्हटलं.

दहा वाजायच्या आत सचिव आमच्या दारात उभे. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. पहिल्या एसटीनं आले होते. आदल्या संध्याकाळी सही करून ठेवलेली छापील किर्द त्यांनी माझ्या टेबलावर उलगडली.

“रात्री कोण आलं होतं आमच्या हापिसात?”

मी सांगायला लागलो की चूक होती, दुरुस्त केली, आता आकडे बरोबर आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आकडे बरोबर असतील हो. पण ह्या कागदावर माझी सही आहे, आणि मशीनमधले आकडे वेगळे आहेत. उद्या सभासदानं विचारलं तर काय सांगू? कुलूप लावलेल्या खोलीत आकडे आपोआप बदलले?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी जुनी फाइल परत ठेवली, त्यांच्यासमोर एकेक खातं दाखवलं, त्यांनी होकार दिल्यावर दुरुस्ती केली आणि रीतसर नोंद घातली. जेवूनच गेले ते, पण मोडेमचा विषय बंद करायचा असं म्हणाले नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. दुपारी मी महाद्वार रोडवरनं पहिलं रजिस्टर आणलं.

रकाने त्या दिवशी ठरले ते तसेच आहेत. तारीख, लाइन जुळल्याची वेळ, तिकडं बटण कुणी चालू केलं, कुठली फाइल बदलली, बदलाआधीची बेरीज, नंतरची बेरीज, लाइन तोडल्याची वेळ. महिन्याच्या भेटीत सचिवांची सही. मोडेमचं बटण फक्त संस्थेच्या माणसानं, समोर बसून, चालू करायचं आणि काम झाल्यावर त्यानंच बंद करायचं. याचा अर्थ रात्रीचा पाव दर गेला, दिवसाचा पूर्ण दर आमच्या माथी आला. भागीदार पहिल्या महिन्याचं बिल घेऊन बराच वेळ बसून होता, पण नियम बदलू या असं तोही म्हणाला नाही. पुढच्या दोन वर्षांत गडहिंग्लजकडून ऐकून तालुक्यातल्या आणखी संस्था आल्या. प्रत्येक जण आधी रजिस्टर बघायला मागायचा.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. विंडोज ९५ बरोबर टेलिक्ससारखंच हायपरटर्मिनल आलं, मोडेम ५६ केपर्यंत, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट्सपर्यंत, पोहोचले, मग ब्रॉडबँडनं सगळं मागं टाकलं. आता दूरच्या स्क्रीनवर माउस फिरवता येतो. आमच्या ऑफिसातली मुलं आजही आधी फोन करतात, पलीकडचा माणूस स्क्रीनवरचा कोड वाचून दाखवतो तेव्हाच आत जातात, आणि सातही रकाने भरतात.

गेली काही वर्षं आम्ही नदीकाठच्या उसाच्या पंपांसाठी मोबाइल स्टार्टर बनवतो. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते, काठावर चिखलात, सापकिरडात जायचं टळावं म्हणून. आतल्या जीएसएम मॉड्यूलला, म्हणजे सिम कार्डावर चालणाऱ्या मोडेमला, आमचा प्रोग्रॅम आजही एटी म्हणतो आणि ते ओके म्हणतं. पेटीच्या बाहेर एक बटण आहे, ऑटो आणि मॅन्युअल. मोटरीपाशी माणूस उतरला असेल तर तो ते मॅन्युअलवर टाकतो, आणि मग राजारामपुरीतून काय किंवा मालकाच्या मोबाइलवरून काय, कुणालाही ती मोटर चालू करता येत नाही.